डोंगरी नदीवर तीन दिवसांची कयाक सफर: आखणी तपासून हवी आहे

वल्हेवाट (धागाकर्ता)

पाच जण, पाच कयाक, तीन दिवस. सोबत राफ्ट नाही, त्यामुळे सगळं सामान आपापल्या कयाकमध्येच. नदी बर्फाच्या पाण्याची. पाण्यात उतरायची जागा १,६४० मीटर उंचीवर, बाहेर पडायची १,०९० मीटरवर, मधलं अंतर ४६ किमी. जुन्या माहितीत ग्रेड (पाण्याची अवघडता, १ ते ६ च्या मापावर) ३ आणि दोन ठिकाणी ४ असं दिलंय. तिघांचा रोल (उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं) वाहत्या पाण्यात भरवशाचा आहे, दोघांचा कधी लागतो, कधी नाही. पहिल्या दिवशी २०, दुसऱ्या दिवशी १६ आणि तिसऱ्या दिवशी १० किमी असा विचार आहे. बाहेर पडायच्या जागेच्या ६०० मीटर खाली बंधारा आहे.

अंतरं, पाण्याची पातळी, सामान, बचावाची तयारी, यात काय बदलावं?

काठावरून

५५० मीटर उतार आणि ४६ किमी, म्हणजे सरासरी किलोमीटरला १२ मीटर. हा आकडा बाजूला ठेवा, सरासरीवर नदी ठरवता येत नाही. १:५०,००० चा नकाशा घ्या आणि प्रत्येक समोच्च रेषा नदीला जिथे छेदते तिथे खूण करा. रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असेल आणि दोन खुणा नदीच्या वाटेने ६०० मीटरवर येत असतील, तर तिथे उतार किलोमीटरला ३३ मीटर आहे. नदीची वळणं धरून मोजा, सरळ पट्टी लावू नका. मध्यम आकाराच्या नदीवर २० च्या पुढे उतार गेला की रॅपिड (खळाळत्या, जोराच्या पाण्याचे तुकडे) एकमेकांना चिकटतात आणि मधलं संथ पाणी संपतं. अशा जागी ग्रेड ३ मध्ये उलटलेला माणूस ग्रेड ४ मध्ये पोहत जातो.

दुसरं, दोन्ही काठांवर समोच्च रेषा दाट आहेत का ते पाहा. असतील तर तिथून चालत बाहेर पडता येणार नाही. सफर सोडायच्या जागा कुठे आहेत, हे आखणीत रॅपिडच्याही आधी यायला हवं.

तिसरं, बाजूचा ओढा जिथे मिळतो तिथे बहुतेक वेळा रॅपिड असतो, कारण ओढा पुरात दगडगोटे आणून मुख्य पात्रात टाकतो. ग्रँड कॅन्यनमधला क्रिस्टल रॅपिड डिसेंबर १९६६ मध्ये बाजूच्या ओढ्यातून आलेल्या दगडमातीच्या लोंढ्याने एका झटक्यात अवघड झाला. २ ऑगस्ट २०१४ ला नेपाळमध्ये जुरे इथे दरड कोसळून सुनकोशी नदीच अडली आणि मागे तळं साचलं. म्हणून जुन्या माहितीतला ग्रेड हा अंदाज समजा. त्यानंतर मोठा पूर येऊन गेला असेल तर प्रत्येक आडोशाचं वळण उतरून पाहायचं. आणि ती माहिती कोणत्या मापाची आहे तेही बघा. सगळीकडे १ ते ६ चं माप चालत नाही, ग्रँड कॅन्यनमध्ये १ ते १० वापरतात.

पाणमोजणी

वरच्या प्रतिसादाला जोडून. पाणी किती आहे हे न लिहिता ग्रेड लिहिला तर त्याला अर्थ नाही. प्रवाह क्युमेकमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला किती घनमीटर. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक टन पाणी. जवळ मोजणी केंद्र असेल तर मागच्या दोन-तीन वर्षांचे त्याच महिन्याचे आकडे काढा. नसेल तर काठावरच अंदाज करता येतो.

सरळ, एकसारख्या पात्रात २० मीटर अंतर मोजा आणि वर काठी सोडा. १० सेकंदांत गेली तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला २ मीटर. खालचं पाणी सावकाश जातं, म्हणून ०.८५ ने गुणा, १.७ आले. रुंदी १५ मीटर आणि सरासरी खोली ०.८ मीटर असेल तर १५ × ०.८ × १.७ = साधारण २० क्युमेक. चूक २०-२५ टक्क्यांची सहज असते, पण २० आहे की ४० हे कळतं आणि निर्णयाला तेवढं पुरतं.

बर्फाच्या नदीला रोजची भरती-ओहोटी असते. बर्फाजवळ पाणी पहाटे सगळ्यांत कमी आणि संध्याकाळी ५-६ च्या सुमाराला सगळ्यांत जास्त. ही वाढ खाली पाण्याच्या वेगाच्या साधारण दीडपट वेगाने सरकते. पाणी सेकंदाला २ मीटर जात असेल तर वाढ तासाला १०-११ किमी. तुमच्या ४६ किमीच्या टोकाला तीच भरती रात्री १० नंतर पोहोचेल आणि तिथली ओहोटी दुपारी असेल. म्हणजे ‘सकाळी पाणी कमी’ हा नियम वरच्या भागात खरा, खालच्या भागात तासांनी मागे सरकतो.

पाणी चढतंय की उतरतंय हे ओळखायच्या खुणा: काठावरच्या दगडांवर पाण्याच्या वर ओला पट्टा दिसला तर उतरतंय. कोरडा दगड थेट पाण्यात जात असेल, प्रवाहाच्या मध्यातून काड्या, पानं, फेस वाहत असेल आणि रंग गढूळ होत असेल तर चढतंय. थांबाल तिथे पाण्याच्या कडेला काठी रोवा आणि अर्ध्या तासाने बघा. घळीच्या तोंडाशी तासाभरात चार बोटं पाणी चढलं तर आत शिरू नये, मग वेळापत्रक काही का असेना.

वर जलविद्युत प्रकल्प असेल तर हे सगळं गणित कोलमडतं. विजेच्या मागणीप्रमाणे दारं उघडतात आणि ऊन असताना, पाऊस नसताना पाणी येतं. तिथल्या नियंत्रण कक्षाशी आधी बोला, सोडण्याच्या वेळा लेखी घ्या आणि निघायच्या सकाळी पुन्हा विचारा.

वल्हेवाट

वर प्रकल्प नाही, खात्री केली आहे. समोच्च रेषांवरून आलेलं चित्र असं: पहिले १७ किमी सरासरी ११ मीटर, किमी १७ ते २१ ला ३१ मीटर, पुढचे २५ किमी जेमतेम ९-१०. दोन्ही ग्रेड ४ त्याच चार किलोमीटरांत आहेत आणि तिथे दोन्ही काठ उभे आहेत. किमी १५ ला डाव्या काठावर रुंद वाळवंट दिसतं आणि तिथून वर गावाकडे पायवाट आहे.

काठावरून

मग तुमची पहिल्या दिवसाची २० किमी हीच खरी अडचण आहे. दमलेले हात, भरलेली कयाक, संध्याकाळचं चढतं पाणी आणि समोर अख्ख्या नदीतला अवघड तुकडा, हे चारही एकाच वेळी येतंय.

पहिल्या दिवशी १५ किमीवर थांबा. ग्रेड २-३ मध्ये पाचांचा गट थांबत-बघत तासाला ४ किमी जातो. सकाळी १० ला सुरुवात केली तर २ च्या आसपास मुक्कामाला पोहोचाल. पाणमोजणी यांच्या हिशेबाने किमी १७ ला ओहोटी सकाळी ८ ते १० दरम्यान येते. ८ ला निघा, साडेआठला घळीच्या तोंडाशी या. चार किलोमीटरांना साडेतीन ते चार तास धरा: काठावर उतरून पाहणं दरवेळी २०-३० मिनिटं, कयाक खांद्यावरून नेणं झालं तर एकेका जागी तास. दुपारी साडेबारापर्यंत बाहेर. पुढे सोपं पाणी, अजून ६-७ किमी करून मुक्काम. तिसऱ्या दिवशी उरलेले १८-१९.

किमी १५ हीच परतीची जागाही आहे. तिथे मोठा, न हलणारा खडक निवडा आणि ‘पाणी या चिरेच्या वर असेल तर सामान उचलून पायवाटेने बाहेर’ हे संध्याकाळीच पाचांनी मिळून ठरवा. सकाळी कयाकमध्ये बसल्यावर असा निर्णय घेणं फार कठीण जातं.

तंबू पुराच्या खुणेच्या वर हवा. झाडांच्या बुंध्यात अडकलेला काडीकचरा ज्या उंचीला दिसतो, त्याच्याही वर. कयाक उचलून वर न्या आणि बांधा.

नवी_लाट

ज्या दोघांचा रोल कच्चा आहे त्यांनी ती चार किमी चालून गेली तर?

काठावरून

उभ्या काठांच्या घळीत चालायला वाटच नसते, हेच अवघड आहे. दोघांना वळसा घालून पायवाटेने पाठवायचं तर कयाक वर चढवून नेल्या पाहिजेत, म्हणजे अख्खा दिवस. माझं मत स्पष्ट आहे: गटाची नदी सर्वांत कच्च्या माणसावरून निवडायची. रोलच्याही आधी एडी पकडण्याची परीक्षा घ्या. खडकामागच्या संथ पाण्यात, आधी ठरवलेल्याच एडीत, दहापैकी नऊ वेळा शिरता येतं का? येत असेल तर रोल थोडा कच्चा चालेल. येत नसेल तर पक्का रोलही वाचवणार नाही, कारण माणूस थांबू शकत नाही. सफरीच्या आधी सामान भरलेल्या कयाकने ओळखीच्या ग्रेड ३ वर हे तपासा. जमलं नाही तर किमी २१ च्या खालून सुरुवात करून दोन दिवसांची सफर करा, तीही चांगलीच सफर आहे.

क्रम: पक्का, कच्चा, पक्का, कच्चा, पक्का. पुढचा एडीत थांबून हात दाखवेपर्यंत मागचा सुटत नाही. पुढची एडी दिसत नसेल, तर उतरून बघायचं.

भरलेली_कयाक

सामानावर सविस्तर लिहितो.

कयाक: रिव्हर रनर किंवा क्रीक बोट, हे वाहत्या, खडकाळ पाण्याचे कयाकचे प्रकार. ७०-८० किलोच्या माणसाला २८० ते ३२० लिटर आकारमान लागतं. सामान १२ किलोच्या आत ठेवा. जड वस्तू, म्हणजे अन्न, स्टोव्ह, प्रथमोपचार, सीटच्या लगेच मागे, आणि हलकं झोपायचं सामान टोकाकडे. जड पिशवी मागच्या टोकात गेली की शेपूट बुडते, होलमध्ये (खडकावरून पडून मागे फिरणाऱ्या पाण्यात) कयाक मागून उभी राहते आणि वळायला उशीर करते. कयाकच्या आत मागच्या भागात मधोमध जो आधाराचा खांब असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी), दोन्ही सारख्या वजनाच्या आणि आत बांधलेल्या. न बांधलेली बॅग पाणी शिरलं की तरंगून पुढे येते आणि पाय अडकवते. उरलेल्या जागेत हवेच्या पिशव्या, कारण जेवढी जागा हवेने भरली तेवढं पाणी कमी शिरतं. पाण्याने भरलेल्या कयाकमध्ये २०० किलोहून जास्त वजन असतं, ती दोघांना हलत नाही.

स्प्रे डेक (कमरेभोवतीचं, बसायच्या जागेचं तोंड झाकणारं आवरण) लावला की पुढची ओढायची पट्टी बाहेर आहे ना, हे दरवेळी शेजाऱ्याने पाहावं. पट्टी आत राहिली तर उलटल्यावर डेक सुटत नाही. कयाकमधलं पाणी काढायच्या मागच्या बुचाचं झाकणही तेव्हाच तपासा.

वल्हं १९४ ते २०० सेंमी. पाचांत दोन सुटं होणारी जादा वल्ही, वेगवेगळ्या कयाकमध्ये.

कपडे पाण्याच्या तापमानाप्रमाणे, हवेच्या नाही. १० अंशांखाली ड्रायसूट (आत पाणी न येणारा पोशाख) आणि आत लोकरी किंवा फ्लीस, सुती काहीही नको. १० ते १५ मध्ये ३ मिमीचा वेटसूट आणि वर पॅडलिंग जॅकेट चालतं. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटाला श्वास धापा टाकत येतो, साधारण दहा मिनिटं हात-बोटं कामाची राहतात आणि शुद्ध हरपायला तासाच्या आसपास लागतो. म्हणजे बचाव त्या दहा मिनिटांतच, आणि दोरी धरायला बोटं त्याच्याही आधी लागतात.

लाइफ जॅकेट: ७० किलोवरच्या माणसाला किमान ५० न्यूटनचा उठाव. सगळे पट्टे आवळल्यावर मागून कोणीतरी खांद्याचे पट्टे वर ओढावेत. जॅकेट कानाला लागलं तर ते मोठं आहे किंवा सैल आहे. हेल्मेट कपाळावरून अंगठ्याने मागे ढकला, कपाळ उघडं पडलं तर बदला.

दोरखंड

बचावाचं लिहितो, कारण इथेच आखणी तोकडी पडते.

थ्रो बॅग (फेकायच्या दोरीची पिशवी) प्रत्येकाकडे हवी आणि ती सीटच्या पुढे किंवा कमरेला, मागे सामानाखाली दडलेली नको. दोरी १५-२० मीटर, तरंगणारी, हाताला धरवेल अशी ९-१० मिमी. फेकणाऱ्याने खालच्या बाजूची जागा आधी पाहावी: दोरीला धरलेला माणूस झोक्यासारखा काठाकडे येतो, तो संथ पाण्यात यावा, खडकावर नाही. ‘दोरी!’ ओरडा, नजर मिळाली की त्याच्या अंगावरून जाईल अशी फेका. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही आणि स्वतःला बांधायची नाही. बसा, टाच रोवा, दोरी कमरेमागून घ्या आणि ताण आला की थोडी सोडत धरा. नेम चुकला तर बॅग पुन्हा भरत बसू नका. दोरी हातात वेटोळी करा, बॅगेत वजनापुरतं पाणी घ्या आणि परत फेका.

पोहणाऱ्याने पाठीवर पडून, दोरी छातीशी दोन्ही हातांत धरून, काठापासून लांबच्या खांद्यावरून घ्यावी. शरीर आपोआप तिरकं होतं आणि प्रवाहच काठाकडे ढकलतो.

अडकलेल्या कयाकसाठी: २ पुली, ४ स्क्रू कॅरॅबिनर (धातूच्या कड्या), ६ मिमी दोरीचे २ प्रुसिक लूप (मोठ्या दोरीला घट्ट पकडणारे फास), ४-५ मीटरची एक पट्टी. हा संच दोन माणसांत वाटून, अंगावरच्या किंवा हाताशी येणाऱ्या खिशात. एकाच कयाकमध्ये ठेवला आणि तीच अडकली तर संच पाण्याखाली. ओढायची दोरी डायनीमा (फार कमी ताणणारा मजबूत धागा) गाभ्याची हवी, साधी पॉलिप्रॉपिलीनची ताणते आणि ताणाखाली तुटली तर चाबकासारखी मागे येते. ताणलेल्या दोरीवर जॅकेट किंवा बॅग टाका आणि तिच्या आतल्या कोनात कोणी उभं राहू नका. आधी माणसाचं डोकं पाण्याच्या वर स्थिर करा, कयाक नंतर. आधी थेट ओढून पाहा, मग दोरी मधोमध बाजूला खेचा, तेही नाही झालं तर पुल्यांमधून दोरी Z सारखी फिरवून केलेली तीनपट ताणाची झेड रचना.

प्रत्येकाकडे सुरी हवी, एका हाताने काढता येईल अशी. दोरी आहे तिथे सुरी नसली तर दोरी बाळगू नये.

नवी_लाट

पाणी उथळ असलं तर पोहण्याऐवजी उभं राहून चालत का जाऊ नये?

दोरखंड

वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर खोली असेल तर उभं राहायचं नाही. पाय दोन दगडांमध्ये अडकतो, प्रवाह पाठीमागून ढकलतो, माणूस पुढे वाकतो आणि तोंड पाण्याखाली जातं. वेग दुप्पट झाला की शरीरावरचा जोर चौपट होतो, त्यामुळे परत उठता येत नाही. कंबरभर पाण्यातही हे होतं. पाठीवर पडा, पाय पुढे आणि बोटं पाण्याबाहेर, हाताने तिरकं पोहत एडीकडे जा. ढुंगण काठावरच्या उथळ दगडांना घासेपर्यंत पोहत राहा.

याला एक अपवाद. समोर पाण्यात पडलेलं झाड असेल, फांद्यांतून पाणी जातंय पण माणूस जाणार नाही, तर पालथे व्हा, पूर्ण जोराने बाजूला पोहा, आणि टळत नसेल तर डोकं पुढे करून खोडावर चढायचा प्रयत्न करा. तिथे पाय पुढे केले तर तेच आधी खाली ओढले जातात.

पाणमोजणी

खुणा आदल्या दिवशी सगळ्यांनी करून बघा. वल्हं उभं: या. वल्हं आडवं डोक्यावर: थांबा. वल्हं तिरकं: त्या बाजूने या. बोट नेहमी सुरक्षित वाटेकडे, धोक्याकडे कधीच नाही. एक शिटी: इकडे बघा. तीन शिट्ट्या: अपघात.

काठावरून

प्रथमोपचारात खांदा निखळण्याची तयारी धरा, वल्हेकऱ्यांना ही दुखापत हमखास होते. हात डोक्यावर उंच नेऊन टेकू घेतला की होते. कोपर खाली आणि हात छातीसमोर, हा सरावच उपाय. बुडालेला माणूस श्वास घेत नसेल तर आधी श्वास द्यायचे (युरोपीय मार्गदर्शनात ५), मग छातीवर दाब.

उपग्रह संदेशयंत्र दोन जणांकडे. गावातल्या एका माणसाकडे लेखी वेळापत्रक: कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत संदेश आला नाही तर कोणाला फोन करायचा. ‘काळजी वाटली तर’ असं लिहू नका, घड्याळाची वेळ लिहा.

वल्हेवाट

बदललेली आखणी: १५ / १२ / १९ किमी. किमी १५ ला खूण आणि निर्णय, दुसऱ्या दिवशी साडेआठला घळ. दोघांची एडीची परीक्षा भरलेल्या कयाकने पुढच्या महिन्यात, जमली नाही तर किमी २१ वरून दोन दिवसांची सफर. उपकरणं वर सांगितल्याप्रमाणे वाटली आहेत. काही राहिलं का?

दोरखंड

बंधारा राहिला. वरून तो दिसत नाही, पाण्याला फक्त सरळ आडवी रेषा दिसते. खाली पडलेलं पाणी पूर्ण रुंदीभर मागे फिरतं, त्यामुळे बाजूने सुटायला वाट नसते आणि लाइफ जॅकेट घातलेला माणूसही आतच फिरत राहतो. पोहत असलेल्याला ६०० मीटर जायला सेकंदाला २ मीटरच्या वेगाने पाच मिनिटं लागतात.

म्हणून सुरुवातीला जाताना गाडी बाहेर पडायच्या जागी थांबवा, सगळ्यांनी काठावर उतरून ती जागा नदीच्या वरच्या बाजूने बघा आणि मोबाइलमध्ये फोटो घ्या. पाण्याच्या पातळीवरून ओळखू येईल अशा फांदीला केशरी कापड बांधा, दुसरं नदीच्या वरच्या बाजूला २०० मीटरवर. हे वरचं कापड दिसलं की सगळ्यांनी त्याच काठाला लागून यायचं. खाली ठेवलेल्या गाडीची एक किल्ली पुढच्या माणसाच्या जॅकेटच्या चेनवाल्या खिशात आतल्या कडीला अडकवलेली, दुसरी शेवटच्याकडे.